पुढच्या ओळीतली उसनी मुलगी

त्या मोसमात आमच्या मुलींनी एकही मॅच जिंकली नाही, हे आधीच सांगून टाकतो. उगाच शेवटपर्यंत आशा लावून बसायला नको.

मी विद्यापीठाची बस चालवतो. एरवी प्राध्यापक, पाहुणे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, जे देतील ते नेतो. मोसम सुरू झाला की सुट्टीचे दिवस मुलींच्या रग्बी संघाचे. आंतरविद्यापीठ स्पर्धा म्हणजे आज ह्या गावी, पुढच्या आठवड्यात त्या गावी, मध्ये कधीतरी आपल्या मैदानावर. जाताना बसमध्ये गाणी आणि भांडणं. येताना मलमाचा वास, ओल्या मोज्यांचा वास आणि कण्हणं. मागच्या लांब सीटवर कुणीतरी गुडघा सरळ करून पडलेली असते, कुणी खिडकीच्या काचेला बर्फाची पिशवी लावून त्यावर गाल टेकून झोपलेली असते. खड्डा आला की सगळ्या बसमधून एकदम ‘आई गं’ येतं. मी खड्डे चुकवायला शिकलो ते ह्या पोरींमुळे.

सगळ्या मला मामा म्हणतात. ड्रायव्हरला मामा म्हणायचीच रीत आहे. गंमत अशी की त्यांच्यातली एक माझी खरीखुरी भाची, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, आणि ती एकटीच मला चारचौघांत ‘ड्रायव्हरसाहेब’ म्हणते. ती संघाची कप्तान. मामाची बस आहे म्हणून हिचे लाड चालतात असं कुणी म्हणायला नको, हे तिचं म्हणणं. लाड कसले! तिला यायला उशीर झाला तर मी बस फाटकापर्यंत पुढे नेऊन ठेवतो, तेवढीच पळेल म्हणून.

रग्बी मला आधी कळत नसे. लांबट चेंडू पोटाशी धरून पळायचं, आणि पळणारीला बाकीच्यांनी आडवं करायचं, एवढंच दिसायचं. कळायला लागलं ते स्क्रम बघून. स्क्रम म्हणजे आमच्या आठ जणी इकडून, त्यांच्या आठ जणी तिकडून, वाकून, डोकी एकमेकींच्या खांद्यांत अडकवून ढकलतात, आणि मधल्या फटीत चेंडू टाकतात. जी बाजू रेटा देईल तिचा चेंडू. त्यात पुढच्या ओळीत तिघी असतात. मागच्या पाच जणींचं वजन आणि समोरच्या आठ जणींचं वजन ह्या तिघींच्या मानेवर येतं. म्हणून त्या तिघी शिकलेल्याच लागतात. वर्ष वर्ष मान तयार करावी लागते. न शिकलेली मुलगी तिथे उभी केली आणि स्क्रम कोसळला, तर पोरगी पुन्हा उठेलच असं नाही. स्पर्धेचा नियमही तसाच कडक. पुढच्या ओळीत तीन तयार मुली नसतील तर मॅच धरतच नाहीत. आलात कशाला, घरी जा.

माझी भाची त्या तिघींतली उजव्या टोकाची. डाव्या टोकाला असायची ती नर्सिंग शिकणारी मुलगी, तिला सगळ्या सिस्टर म्हणत. मधे एक बुटकी, गप्प, कपाळावर कायम टेंगूळ असलेली. ह्या तिघी सोडल्या तर मोसमाच्या शेवटी पुढच्या ओळीला आमच्याकडे कुणीच उरलं नव्हतं. एकीचा पाय प्लास्टरमध्ये होता, एकीच्या घरच्यांनी तिला परत बोलावून घेतलं होतं.

हरण्याचं कुणाला फारसं वाटेनासं झालं होतं. पहिल्या मॅचला रडल्या, दुसरीला सरांवर चिडल्या, पुढे पुढे बसमध्ये बसताना नुसतं एकमेकींना विचारायच्या, ‘तुझं काय दुखतंय?’ खरी भीती दुसरीच होती. मोसमाच्या मध्यावर वसतिगृहात डोळ्यांची साथ आली. निम्मा संघ लाल डोळे घेऊन अंधाऱ्या खोलीत बसलेला. ती मॅच सोडावी लागली. लगेच क्रीडा विभागाच्या साहेबांनी कप्तानाला आणि सरांना बोलावून सांगितलं, की आणखी एक मॅच सुटली तर स्पर्धेचे लोक आपलं नाव काढणार, आणि नाव निघालं की विद्यापीठ हा संघ पुन्हा उभा करणार नाही. मैदान मागायला फुटबॉलवाले टपूनच बसले आहेत.

हा संघ माझ्या भाचीने उभा केला होता. पहिल्या वर्षाला असताना वसतिगृहाच्या खोल्या खोल्या हिंडून, ‘तुला कुणाला पाडावंसं वाटतं का?’ असं विचारत तिने मुली गोळा केल्या होत्या. आता तिचं शेवटचं वर्ष. जिंकायचं तिने कधीच सोडून दिलं होतं. तिला एवढंच हवं होतं की मोसम पुरा व्हावा आणि ती गेल्यावर संघ मागे राहावा. शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी ती माझ्याशेजारी बॉनेटवर बसून म्हणाली, की मामा, एवढी एक खेळून झाली की मी महिनाभर झोपणार आहे. बसमध्ये कुणी नव्हतं, म्हणून मामा.

माझ्या बहिणीला ह्यातलं काही पसंत नव्हतं. दर मॅचच्या आधी तिचा मला फोन यायचा. “दादा, तिला काही लागलं तर तू सरळ आत जाऊन तिला बाहेर काढायचं. मी तुझ्या भरवशावर सोडलंय.” मी हो म्हणायचो. हो म्हणण्यावाचून फोन बंद होत नसे.

शेवटची मॅच आमच्या मैदानावर होती. सिस्टरची सकाळपर्यंत रुग्णालयात ड्यूटी, म्हणून ठरल्याप्रमाणे मी आधी बस घेऊन रुग्णालयाच्या फाटकाशी गेलो. थांबलो. बऱ्याच वेळाने ती आली, पण गणवेशातच, हातमोजेसुद्धा काढलेले नव्हते. वॉर्डात अपघाताचे पेशंट एकदम आले होते, तिच्या जागी येणारी मुलगी आलीच नव्हती, आणि मोठ्या सिस्टरने सांगितलं होतं की जायचं तर जा, पण मग उद्या येऊ नकोस. ती बसच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी राहिली. चढली नाही.

“मामा, कप्तानला तुम्हीच सांगा,” ती म्हणाली. “माझ्याच्याने नाही सांगवणार.”

मग उलट्या पावली पळत गेली. मी रिकामी बस घेऊन मैदानाकडे निघालो. वाटेत दोनदा उगाच हॉर्न वाजवला, समोर कुणी नसताना.

मैदानाच्या कडेला पत्र्याची एक खोली आहे, मुली तिथे कपडे बदलतात. बाहेरच्या बाकावर माझी भाची कानांना पट्टी गुंडाळत बसली होती. पुढच्या ओळीतल्या मुलींचे कान घासून घासून चुरगळतात, म्हणून ही पट्टी. माझ्या मागून कुणी उतरत नाही हे तिने पाहिलं, आणि मी काही बोलायच्या आत तिला कळलं. तिने पट्टी गुंडाळायची थांबवली नाही. पुरी केली, टोक दातांनी तोडलं, चिकटवलं, आणि मग म्हणाली, सरांना बोलवा.

सर म्हणजे आमचे जुने शारीरिक शिक्षणाचे मास्तर. निवृत्तीला टेकलेले, गुडघ्यांनी दमलेले. त्यांनी ऐकलं आणि बराच वेळ मैदानावरच्या चुन्याच्या रेघांकडे बघत बसले. मग त्यांची नजर मुंगळ्यावर गेली. मुंगळा म्हणजे पहिल्या वर्षाची एक मुलगी, आडव्या बांध्याची, खांदे हमालासारखे. मागच्या ओळीत खेळायची. सर हळू आवाजात म्हणाले, की हिला पुढे घेऊ. तयार आहे म्हणून सांगू, कोण विचारतंय. मुंगळा लगेच उठून उभी राहिली. तिला पुढे जायची हौस होतीच.

आमच्या पोरी बुटांच्या नाड्या पुन्हा बांधायला लागल्या. कुणाच्या मनात आलं नसेल असं नाही. तेवढं एक खोटं बोललं की संघ वाचत होता.

“तिची मान तयार नाही, सर,” माझी भाची म्हणाली. “काही झालं तर तिच्या आईला सांगायला तुम्ही जाणार, का मी?”

मुंगळा खाली बसली. तिचे डोळे भरले होते, रागाने की सुटल्यामुळे, मला कळलं नाही.

आता राहिलं एकच. ह्या खेळात उसनी खेळाडू मागायची एक जुनी रीत आहे. समोरचा संघ कमी पडला तर आपल्यातली एक तिकडे द्यायची, म्हणजे आलेल्यांना खेळायला तरी मिळतं. मोसमाच्या सुरुवातीला आम्हीही एक दिली होती, कात्री नावाची आमची पळणारी मुलगी. त्या पोरीने आमच्याविरुद्धच गुण मिळवले, आणि येताना बसमध्ये तीच सगळ्यात खूश. रात्रीपर्यंत तिला कुणी पाणी विचारलं नव्हतं. पण पळणारी देणं निराळं आणि पुढच्या ओळीतली देणं निराळं. शिवाय आजचा समोरचा संघ पहिल्या नंबरवर होता. मॅच झाली नाही तरी पुरे गुण त्यांनाच. पुढे त्यांची अंतिम फेरी होती. आमच्याशी खेळून त्यांना मिळायचं काही नव्हतं, लागली तर दुखापतच लागायची.

भाची मला म्हणाली, चला माझ्याबरोबर. मी कशाला, असं विचारलं नाही. पाण्याचा कॅन उचलला, हातात काहीतरी हवं म्हणून.

त्यांच्या प्रशिक्षक एक बाई होत्या. केस पांढरे, एक कान चुरगळून फुलकोबीसारखा झालेला, म्हणजे त्याही कधीकाळी पुढच्या ओळीतल्याच. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, की तुझं दुःख मला कळतं, पण माझ्या मुलींना पुढच्या आठवड्यात अंतिम फेरी आहे. मी नाही म्हटलं तर तू मला दोष देऊ नकोस. भाची म्हणाली, नाही देणार. आणि ती तिथेच उभी राहिली. जायला वळली नाही, आणखी विनवणीही केली नाही. मला वाटतं तिला वळायचंच त्राण नव्हतं.

त्यांच्या मुली जवळपास जमल्या होत्या. एक म्हणाली, पहाटेपासून बसमध्ये आदळत आलोय ते काय नुसती हवा खायला? दुसरी म्हणाली, मला तर ओकारीही झाली. मग बाकावरून एक उठली. धिप्पाड, अंगावर शाल, हातात पाण्याच्या बाटल्यांची जाळी. ती त्यांची पुढच्या ओळीतली राखीव मुलगी होती. ती बाईंना म्हणाली, की मी जाते. बाई म्हणाल्या, तू विरुद्ध बाजूने खेळणार? ती म्हणाली, “बाई, सबंध मोसम मी ह्या सगळ्यांना पाणी पाजतेय. कुठल्याही बाजूने खेळेन.”

बाकीच्या हसल्या. बाईंनाही हसू आवरलं नाही. रेफरीला विचारलं. तो एका शाळेत गणित शिकवायचा, शिट्टी वाजवायच्या आधी नेहमी हिशेब केल्यासारखा थांबायचा. तसाच थांबून तो म्हणाला, की पुढच्या ओळीत तयार मुलगी हवी असं नियम सांगतो, ती कुणाच्या घरची हवी ते सांगत नाही. दोन्ही संघ राजी असतील तर मॅच धरू. पण मधेच ह्या तिघींतली एक बाहेर गेली, तर मी तिथेच खेळ थांबवीन आणि मॅच झाली नाही असं कळवीन. चालेल?

भाची म्हणाली, चालेल.

उसनीला सिस्टरची जर्सी दिली. ती खांद्यांत घट्ट झाली, शिवण थोडी उसवली. ती आमच्या बाजूला चालत आली तेव्हा तिच्या मैत्रिणी मागून ओरडल्या, “नीट नांद गं बाई. सासूला उलटून बोलू नकोस.” तिने वळूनही न बघता हात हलवला. आमच्या पोरी तिच्याकडे नव्या सुनेकडे बघावं तशाच बघत होत्या, की ही खरंच काम करणार की दाखवण्यापुरतं.

पहिल्याच स्क्रमला कळलं. रेफरीने वाका म्हटलं, धरा म्हटलं, आणि दोन्ही बाजू एकमेकींवर आदळल्या. तो आवाज कडेपर्यंत येतो, ओलं पोतं जमिनीवर टाकल्यासारखा. उसनीने आपल्याच मैत्रिणीला दोन पावलं मागे नेलं. ती मैत्रीण उठताना कुरकुरली, अगं, माहेरच्यांची काही लाज बाळग. उसनी म्हणाली, माहेरी मला बाकावर बसवतात. तेव्हापासून आमच्या मुली तिला आपली मानायला लागल्या. मधली गप्प मुलगीसुद्धा तिच्या पाठीवर थाप मारून गेली.

म्हणून काही चमत्कार झाला नाही. समोरच्या मुली वेगाने आणि दमाने भारी होत्या. चेंडू आम्ही मिळवायचो आणि दोन हात फिरेपर्यंत गमवायचो. गुण चढत गेले. मध्यंतराला आमच्या पोरी गवतावर पसरल्या होत्या. सर पाणी वाटत होते आणि प्रत्येकीला एकच गोष्ट सांगत होते, उभ्या राहा, बाकी काही नको.

दुसऱ्या भागात अर्धा वेळ गेला असेल. त्यांची एक मुलगी चेंडू घेऊन सुसाट आली आणि माझ्या भाचीने तिला आडवं केलं. दोघी पडल्या. त्यांची मुलगी उठली. माझी भाची पण उठली, पण आधी गुडघ्यावर, मग थांबून, मग उभी. तिचा उजवा हात तिने पोटाशी धरला होता, जसं थंडीत धरतात तसा. खांद्याची गोलाई नेहमीच्या जागी नव्हती. मला लांबूनही दिसलं.

मी सरांकडे गेलो. म्हणालो, तिला बाहेर काढा.

सर म्हणाले, मला दिसतंय.

मग काढा ना.

ते माझ्याबरोबर रेघेपर्यंत आले आणि त्यांनी तिला हाक मारली. ती आली. चेहरा पांढराफटक, ओठांवर माती. सरांनी काही विचारायच्या आतच ती बोलली.

“काढा बाहेर, सर. पण माझ्या जागी कोण येतंय ते आधी सांगा.”

सरांनी मान खाली घातली. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, “मामा, थोडंच राहिलंय.” सगळ्यांसमोर मामा म्हणाली. मला बहिणीचा आवाज कानात ऐकू येत होता, आत जाऊन सरळ बाहेर काढ. मी रेघेच्या अलीकडे उभा होतो. आत एक पाऊल टाकलं असतं तर रेफरीने शिट्टी वाजवली असती, आणि तिने संघासाठी जे काही केलं होतं ते माझ्या त्या एका पावलाखाली गेलं असतं. पाऊल टाकलं नाही म्हणून तिचा हात कायमचा गेला असता, तर तेही माझ्याच नावावर. मी कॅन खाली ठेवला आणि उभा राहिलो. रेफरीने तिला विचारलं, ठीक आहेस? तिने डावा हात वर केला.

आणि नेमका स्क्रमच आला.

उजव्या टोकाच्या मुलीला उजव्या हाताने समोरचीची जर्सी पकडायची असते. त्या पकडीवरच ती टिकते. भाचीचा हात खांद्याच्या वर जातच नव्हता. समोर त्यांची जी मुलगी होती ती पहिल्या स्क्रमपासून तिला दाबत आली होती, मजबूत, मनगटं जाडजूड. त्या सगळ्या वाकल्या. मी डोळे मिटले नाहीत, मिटायला हवे होते असं वाटलं. मग आदळण्याचा तो आवाज आला, पण थोडा वेगळा, मऊ. आणि स्क्रम हलला नाही. ना इकडे, ना तिकडे. सोळा जणी गुंतून जागच्या जागी उभ्या, नुसते श्वास ऐकू येत होते. चेंडू आत गेला, मागून बाहेर आला, खेळ पुढे सरकला.

मला वाटलं, आमच्या मुलींना शेवटी जोर चढला. पुढचा स्क्रम तसाच. त्यापुढचाही. रेफरी अगदी जमिनीला कान लावल्यासारखा वाकून बघत होता. त्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही. तो नेहमीसारखा थांबला, आणि काही न बोलता पुढे गेला.

स्क्रम सोडून बाकी सगळीकडे त्या आम्हाला धूत होत्या, त्यात काही कसर नव्हती. अगदी शेवटालाही त्यांनी चेंडू आमच्या रेघेपलीकडे टेकवून एक ट्राय केला. मग रेफरीने लांब शिट्टी वाजवली आणि दोन्ही हात खाली सोडले. आमच्या पोरी जिथे होत्या तिथेच बसल्या. आनंद वगैरे कुणाला झालेला दिसला नाही. कात्री नुसती म्हणाली, संपलं का खरंच?

संपल्यावर दोन्ही संघ समोरासमोर रांगा करतात आणि मधून जाणाऱ्यांना टाळ्या वाजवतात. भाची डाव्या हाताने हात मिळवत गेली. जाड मनगटांच्या त्या मुलीसमोर ती थांबली. त्या मुलीने तिच्या चांगल्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि पुढे झाली. बाईंनी येऊन सरांना सांगितलं की हिला आधी डॉक्टरकडे न्या, गप्पा नंतर. उसनीने जर्सी काढून घडी करून दिली. आमच्या मुली म्हणाल्या, ठेव तुला. ती म्हणाली, नको, घरी गेल्यावर ह्या मला जिवंत सोडणार नाहीत. आणि आपल्या बसकडे पळाली. तिकडून आरडाओरडा ऐकू आला, माहेरपणाला आली गं.

मी मुलींना बसमध्ये घातलं आणि रुग्णालयाकडे निघालो. भाची माझ्याजवळ बॉनेटशेजारच्या सीटवर, हात उपरण्याने गळ्यात बांधलेला. मी बस इतकी हळू चालवत होतो की मागून सायकलवाले पुढे जात होते. बराच वेळ ती डोळे मिटून होती. मग म्हणाली, की त्यांनी ढकललंच नाही.

मला आधी कळलं नाही.

मग तिने थांबून थांबून सांगितलं. तिचा खांदा गेल्याचं उसनीच्या लक्षात आलं. पुढच्या स्क्रमला वाकल्यावर डोकी अगदी जवळ आली तेव्हा ती आपल्या मैत्रिणींना म्हणाली, की त्या टोकाचीचा हात गेलाय, नुसत्या टेका. एवढंच. आणि त्या टेकल्या. आठही जणी. समोरच्या त्या मुलीने भाचीच्या पाठीवरची जर्सी मुठीत धरली, खाली दाबायला धरतात तशी, पण दाबलं नाही. वर उचलून धरलं. म्हाताऱ्या माणसाला न्हाणीघरापर्यंत नेताना धरतात तसं. प्रत्येक स्क्रमला.

“मीच सगळ्यांना शिकवलं, स्क्रममध्ये दया नाही,” ती म्हणाली. “मला राग यायला हवा होता, मामा. पण राग यायलाही अंगात काहीतरी लागतं.”

मी विचारलं, मग आता?

ती म्हणाली, माहीत नाही. मी मोडले नाही, एवढं माहीत आहे. मग थोड्या वेळाने म्हणाली, की हे पोरींना सांगू नका. त्यांना वाटू दे स्क्रम आपण धरला. मी आरशात मागे पाहिलं. सगळ्या झोपल्या होत्या, एकमेकींच्या अंगावर, तोंडं उघडी. मुंगळा तेवढी जागी होती, खिडकीला डोकं लावून मान इकडे तिकडे वळवून बघत होती, किती वळते ते.

मी म्हटलं, तुझ्या आईला काय सांगू? ती म्हणाली, ते मी बघते. मग म्हणाली, नाही, तुम्हीच सांगा, तुमच्यावर ओरडून झालं की माझ्यावर कमी ओरडेल.

रुग्णालयाच्या फाटकात बस वळवली तेव्हा ऊन उतरलं होतं. सिस्टर पायऱ्यांवर बसली होती. ड्यूटी संपून बराच वेळ झाला असावा, पण ती घरी गेली नव्हती. बस बघून ती उठली. मी दार उघडलं. तिने आधी भाचीचा बांधलेला हात पाहिला आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. वर चढली, दोन बोटांनी खांदा चाचपला, भाची ओरडली, सिस्टरने हात काढून घेतला. मग हात पुसत, कुणाकडेही न बघता तिने विचारलं.

“मॅच झाली?”

“हरलो,” भाची म्हणाली. “खूप.”

“ते नाही विचारलं.”

“झाली. शेवटच्या शिट्टीपर्यंत झाली.”

सिस्टर बसच्या पायरीवर मटकन बसली. रडली नाही. चेहरा हातांत धरून नुसती बसून राहिली, आणि माझी भाची तिच्या मागे सीटवर डोळे मिटून. दोघींपैकी कुणी हलेना. खरं तर आत जायला हवं होतं, खांदा बसवायला हवा होता. मागे एक रुग्णवाहिका येऊन थांबली आणि तिने हॉर्न दिला. मी म्हटलं, पोरींनो, उठा. मग बस थोडी पुढे घेतली.